वाजली की जायचं

१

रिटर्नचं पार्सल आलं की आधी मोबाइल स्टँडवर चढवायचा. पार्सल चारी बाजूंनी फिरवून दाखवायचं. लेबलवरचा नंबर आणि त्या दिवसाची तारीख मोठ्यानं वाचायची. टेप कुठे फाटलेली नाही हे बोट फिरवून दाखवायचं, आणि मगच कटर लावायचा. सगळं एका दमात. मध्ये जरा थांबलं की वेबसाइटवाले म्हणतात, व्हिडिओ मध्येच कापून जोडलेला आहे, क्लेम नामंजूर. सहा वर्षं मी हेच करतेय. झोपेतून उठवून सांगितलं तरी करीन.

मी बेल विकते. दारावरची नाही, उशाजवळची. तिचे दोन भाग असतात. एक दोरीला लटकणारं बटण, ते अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या हातात द्यायचं. दुसरी डबी, ती बाहेरच्या खोलीत सॉकेटला लावायची. आत बटण दाबलं की बाहेर डबी वाजते. सहा सूर दिलेत, पण सगळे लोक तो साधा टिंग-टाँगच लावतात.

माझ्याही घरात एक आहे. आतल्या खोलीत मावशी झोपून असते. आई गेली तेव्हा मी चार वर्षांची होते, तेव्हापासून हिनंच मला वाढवलं. दोन वर्षांपूर्वी न्हाणीत पडली आणि डावं अंग लुळं पडलं. आवाजही बसला, बाहेरच्या खोलीपर्यंत पोचत नाही. स्वतःच्या स्वतः कूस बदलता येत नाही, दर दोन तासांनी मी बदलून देते. बाहेरची खोली म्हणजे माझं ऑफिस, मधली बिनखिडकीची अडगळ म्हणजे गोडाऊन. त्यापलीकडे मावशी, आणि तिच्या उजव्या हातात माझ्याच मालातलं बटण. वेबसाइटवरच्या फोटोत जो सुरकुतलेला हात दिसतो ना, तो तिचाच. "माझा हात सगळ्या दुनियेनं बघितला, तोंड मात्र कुणी बघत नाही मेलं," असं ती म्हणते आणि स्वतःच हसते.

आता लाजेची गोष्ट सांगते. ती सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

टेबलाच्या खालच्या खणात माझी नकटी असते. नकटी म्हणजे कोपरा तुटलेली एक बेल. धंद्याच्या पहिल्या वर्षी एका गिऱ्हाइकानं आपटून फोडून ती परत पाठवली होती. तेव्हा मला व्हिडिओचं काही माहीत नव्हतं. नुकसान माझ्या गळ्यात पडलं, वर दुकानाचे स्टार खाली आले. मी दोन दिवस रडले. तिसऱ्या दिवशी नकटी खणात ठेवली, आणि पुढच्या वेळी कुणी "बिघडली" म्हणून रिटर्न पाठवलं तेव्हा पार्सलच्या खालच्या बाजूची टेप केस वाळवायच्या मशीननं ऊन करून अलगद सोडवली. आतली धड बेल बाहेर काढली, नकटी आत घातली, टेप परत बसवली. मग मोबाइल लावला, कटरनं वरून पार्सल उघडलं आणि म्हटलं, "अरे देवा! कोपरा तुटलेला आहे, बघा."

क्लेम मंजूर. गिऱ्हाइकाला पैसे नाहीत, माझे स्टार जागच्या जागी.

असं मी एकतीस वेळा केलं. आणखी एक सांगते, सांगायला घेतलंच आहे तर. क्लेम मंजूर झाला की तुटलेली वस्तू गिऱ्हाइकाला परत पाठवायची असते. पण नकटी दिली तर पुढच्या वेळी दाखवू काय? म्हणून मी त्यांची धड बेलच त्यांना परत धाडायचे. आपण धड पाठवलेली, व्हिडिओत तुटलेली दिसलेली आणि पुन्हा धड होऊन आलेली बेल हातात घेऊन त्या माणसांना काय वाटत असेल, हा विचार मी कधी केला नाही. तोवर त्यांची तक्रारीची मुदत संपलेली असायची.

मावशी मात्र येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते, "माझ्या पोरीच्या धंद्यात लबाडी नाही हो."

२

कुरिअरवाल्याला मी भिंगरी म्हणते. कधी जमिनीवर टेकलेला दिसत नाही. त्या दिवशी सकाळी तो आला, आणि चक्क उभा राहिला.

"ताई, हे रिटर्न नाहीये. साधं पार्सल आहे, पाठवणाऱ्यानं खर्च भरलाय."

"मग दे की, उभा काय राहिलास?"

"वाजतंय," तो म्हणाला.

"काय वाजतंय?"

"पार्सल. येताना दोनदा वाजलं. सिग्नलला लोक बघायला लागले माझ्याकडे."

"अरे बेल आहे ती, बेल वाजणार नाही तर काय गाणार?" मी त्याच्या हातातून पार्सल घेतलं. तो जिना उतरून गेला आणि मग माझ्या डोक्यात आलं की डबी सॉकेटला लावल्याशिवाय वाजत नाही. तिच्यात सेल नसतोच. म्हटलं, त्याच्याच खिशातला मोबाइल असेल. भिंगरीला काय, स्वतःचं डोकं तरी जागेवर असतं का?

पार्सलात बेल होती, बटण आणि डबी दोन्ही. सोबत बिलाच्या पाठीवर लिहिलेली चिठ्ठी. "ही वाजते. आता आमच्या घरात दाबणारं कुणी नाही. तुमच्याकडे ठेवा." खाली पत्ता, आणि नावाच्या जागी टेलरिंगच्या दुकानाचा शिक्का.

शिंपी. तो मला आठवला. आठवू नये असं वाटत असतानाच आठवला.

चार महिन्यांपूर्वीची गोष्ट. त्याचे मेसेज आले होते, अगदी नम्र. ताई, बेल कधी वाजते, कधी वाजत नाही. मध्ये भिंत आली की अडते. आई झोपून असते, आणि माझ्या मशीनच्या आवाजात तिची हाक मला ऐकू येत नाही. रिटर्न नेलंय, पण दुसरी जरा लवकर पाठवता का? आता आईच्या हातात काहीच नाही. असे रोज एक, कधी दोन. भिंतीचं म्हणणं खरं होतं, त्या लॉटमधल्या काही बेल तशा होत्या हे मला ठाऊक होतं. दुसरी बेल आधी पाठवणं माझ्या हातात होतं, एक बटण दाबायचं काम. मी तयार ठेवलेला मजकूर चिकटवला. "नियमाप्रमाणे आधी वस्तू आमच्यापर्यंत पोचू द्या." वस्तू पोचली नवव्या दिवशी. मग केस वाळवायचं मशीन, नकटी, अरे देवा. त्यानंतर त्याचा एकही मेसेज आला नाही. मी म्हटलं, गप्प बसला म्हणजे लबाडच असणार.

चिठ्ठी मी फाडली. बटणातला सेल काढला आणि ती बेल नकटीशेजारी खणात टाकली.

३

दोन दिवसांनी दुसऱ्याच कुणाचं रिटर्न आलं. या वेळी मी खालून उघडलं नाही. का नाही, ते माझं मलाच कळलं नाही. सरळ व्हिडिओ लावून पार्सल उघडलं, आत धड बेल होती. रिटर्न कबूल करायचं ठरवलं आणि सवयीनं व्हिडिओ एकदा बघून घेतला.

व्हिडिओत बेल वाजत होती.

खोलीत वाजली नव्हती. माझे कान शाबूत आहेत, आणि बेलच्या आवाजाला तर मी दचकून उठते, दोन वर्षांची सवय आहे. पण मोबाइलवर स्वच्छ ऐकू येत होतं. टिंग-टाँग. व्हिडिओतली मी मान वर करत नव्हते, निवांत टेप सोडवत होते.

आत जाऊन मावशीला विचारलं, "मघाशी दाबलं होतंस?"

"नाही गं. झोप लागली होती."

"नक्की?"

"आता दाबल्याचीही पावती देऊ का तुला?"

मी पंखा बंद केला, शेजाऱ्यांची बेल माझ्यासारखीच आहे का हे पलीकडे जाऊन बघून आले, मोबाइल बंद करून चालू केला. मग रिकाम्या टेबलाचा एक व्हिडिओ काढला. त्यात आवाज नव्हता. मला इतकं हायसं वाटलं की मी चहा टाकला. चहा पिता पिता नको ते सुचलं. जुने व्हिडिओ मी खोडत नाही, क्लेमसाठी ठेवावे लागतात. शिंप्याचा शोधून काढला.

चार महिने तो तसाच पडून होता. वेबसाइटवाल्यांनी तो बघून क्लेम मंजूर केला होता, म्हणजे तेव्हा त्यात काही नसणारच. व्हिडिओतली मी नंबर वाचते. म्हणते, आज तारीख बारा. आणि बेल वाजते. मी टेपवरून बोट फिरवते, बेल वाजते. कटर लावते, वाजते. आधी घाईघाईनं, दाबणाऱ्याचा धीर सुटल्यासारखी. मग दोन वाजण्यांत अंतर पडायला लागतं. मी नकटी कॅमेऱ्यासमोर धरून म्हणते, "अरे देवा! कोपरा तुटलेला आहे, बघा," तेव्हा ती बऱ्याच वेळानं एकदाच वाजते. पुढे मी नकटीचा कोपरा अर्धा मिनिट दाखवत बसलेय. त्या अर्ध्या मिनिटात काहीच वाजत नाही.

माझे कान तापले. भीती नंतर वाटली, आधी लाज वाटली. माझा तो आवाज, ते "अरे देवा", मी पहिल्यांदाच नीट ऐकत होते. इतकं खोटं कुणी बोलतं का?

४

मग घरात वाजायला लागली.

पहिल्यांदा दुपारी. मी पार्सलं बांधत होते. उठले, आत गेले. मावशी खिडकीतून बाहेर बघत होती.

"काय हवं?"

"मला? काही नाही. का गं?"

दुसऱ्यांदाही तसंच. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "भवाने, मी दाबत नाहीये. तुझ्याच कानात काहीतरी झालंय."

मी खणातल्या दोन्ही बेल गोडाऊनमध्ये नेऊन बंद खोक्यात ठेवल्या. स्टॉकमधल्या बटणांचे सेल काढून काचेच्या बरणीत भरले, सगळा दिवस त्यात गेला. शेवटी मावशीची डबी बदलून नवीन लावली. नवीन डबी लावून हात काढतेय तोच वाजली. आत गेले तर मावशी घोरत होती आणि बटण तिच्या उशाशेजारी पालथं पडलं होतं.

याला कारण असणार, असं मी स्वतःला सांगत होते. एकाच जातीची बटणं आजूबाजूला पन्नास घरांत असतील, कुणाचं तरी कुणाच्या तरी डबीला लागत असेल. मीच विकलीत ना शेजारीपाजारी? हे कारण चांगलं होतं. त्याला धरून मी दोन दिवस काढले. ती वाजली की मी मान वर करायचे, आणि पुन्हा टेपला लागायचे.

म्हणजे मी जायचं बंद केलं. असं सरळच म्हणायला हवं.

त्या गुरुवारी दुपारी ती सहा वेळा वाजली. मी मोजलं आणि बसून राहिले. पार्सलं बांधून झाल्यावर आत गेले. मावशीची चादर ओली होती, उशीही. डोळ्यांतून पाणी जाऊन उशी भिजली होती. अंगठा अजून बटणावरच होता.

"किती वेळ दाबतेय," ती म्हणाली. मग माझ्या तोंडाकडे बघून घाईघाईनं म्हणाली, "असू दे. बिघडली असेल. ही तुझ्या मालातली नसेल गं, कुठल्यातरी चोरानं गळ्यात मारली असेल तुझ्या."

मी तिला पुसलं, चादर बदलली, कूस वळवून दिली. तिच्याकडे बघायचं टाळत सगळं केलं. तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला तेव्हा तर वाटलं, एक थोबाडीत दिली असतीस तर बरं झालं असतं बाई.

५

दुसऱ्या दिवशी मी ती बेल खोक्यातून काढून पिशवीत घातली आणि चिठ्ठीवरच्या पत्त्यावर गेले. चिठ्ठी फाडली होती, पण पत्ता वेबसाइटवर होताच. जाताना मावशीला मी काय सांगितलं, तर, "बाहेरच्याच खोलीत आहे, लागलं तर दाब." शेजारी कुणी मोकळं नव्हतं. खरं सांगितलं असतं तर "कुठे चाललीस, कशाला" हे आलं असतं, आणि त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. तासाभराचा तर प्रश्न, असं मनाशी म्हणत मी कुलूप लावलं.

दुकान म्हणजे त्याच्या घराचीच बाहेरची खोली. दाराकडे पाठ करून तो मशीनवर बसला होता. मी दोनदा हाक मारली, मग दाराची कडी वाजवली. मशीन थांबल्यावर त्यानं वळून बघितलं. साठीचा माणूस, गळ्यात टेप.

"ब्लाउज आहे का? आठ दिवस लागतील."

"मी बेलवाली," मी म्हटलं.

तो उठला, स्टूल पुसून माझ्यापुढे सरकवलं. मला उभं राहावंसं वाटत होतं, पण बसले.

"पाणी घेता?"

"नको. मी ही परत... म्हणजे, तुमचं नुकसान झालं, त्याबद्दल..."

"तुमच्या व्हिडिओत तिचा कोपरा तुटलेला होता," तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता, कपड्याचं माप सांगावं तसं बोलत होता. "परत आली तेव्हा अख्खी होती. मी फिरवून फिरवून बघितली. म्हटलं, आपल्यालाच दिसत नसेल."

मी पिशवी मांडीवर ओढून घेतली.

"तेव्हा आई जाऊन आठवडा झाला होता. ज्या दिवशी मोबाइलवर आलं ना, पार्सल विक्रेत्याला मिळालं म्हणून, बारा तारीख. दुपारी. मी मशीन थांबवून आत सांगायला गेलो, आई, आता दुसरी येईल हं." त्यानं गळ्यातली टेप काढून बोटाला गुंडाळली. "सकाळी तिला भिंतीकडे तोंड करून झोपवली होती मी. तिला कूस बदलून हवी असणार. दर दोन तासांनी हवी असायची. मी सहा तास शिवत बसलो होतो. अंगठा असा... हातात बटण असल्यासारखा वाकवून होती."

"मला माहीत नव्हतं हो," मी म्हटलं. त्याचे नऊ दिवसांचे मेसेज माझ्या मोबाइलमध्ये असताना मी हे म्हटलं.

"तुमचा तो मजकूर मी तिला पोचवून आल्यावर वाचला. ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे वस्तूचं नुकसान. मला वाटलं, बरोबर लिहिलंय. निष्काळजीपणाच होता माझा."

मी पिशवीतली बेल टेबलावर ठेवली. त्यानं एका बोटानं ती माझ्याकडे परत सरकवली.

"परत आल्यापासून वाजते. मी जायचो आत. रोज, प्रत्येक वेळी. मग माझ्याच्यानं होईना. आत जाऊन करायचं काय? म्हणून तुम्हाला पाठवली." पहिल्यांदाच त्यानं माझ्या डोळ्यांत बघितलं. "वाजते ना तुमच्याकडे?"

"वाजते."

"मग जाताय ना तुम्ही? वाजली की जायचं असतं. बाकी काही नाही."

"हो," मी म्हटलं. "जाते."

६

परत येताना गर्दी लागली. तासाचे अडीच तास झाले. कुलूप काढताना डोळ्यांपुढे सारखी ती गुरुवारची ओली उशी येत होती.

मावशी उजव्या कुशीवर होती. मी जाताना ती डाव्या कुशीवर होती.

केस विंचरून घट्ट बारीक वेणी घातलेली, कोरडी चादर, तिची टोकं पलंगाच्या पायांना गाठ मारून बांधलेली. मी टोकं नुसती गादीखाली खोचते. भिजलेली चादर खिडकीत पिळून टाकलेली होती, आणि बटण वर खिळ्याला अडकवलेलं.

"कोण आलं होतं?" मी विचारलं.

"कोण येणार? तूच की." ती हसली. किती दिवसांनी अशी हसली असेल. "दाबलं आणि तू दारात उभी. आज पहिल्यांदा हाकेसरशी आलीस गं. मला मेलीला भरूनच आलं. कूस बदललीस, पाठ चोळून दिलीस. बोलली मात्र एक अक्षर नाहीस, म्हटलं, रागावली की काय. हात किती गार पडले होते तुझे! स्वतःकडे बघ जरा."

"तोंड बघितलंस माझं?"

"पाठीमागून करत होतीस, तोंड कुठून दिसणार? काय विचारतेस असं?"

मी नव्हते, हे सांगायला हवं होतं. मी घरात नव्हते, मी तुला खोटं सांगून गेले होते, आणि का गेले होते, तेही. सगळं ओठांवर आलं होतं. मावशीनं माझा हात गालाशी धरला आणि म्हणाली, "गुणाची गं माझी पोर."

"हो," मी म्हटलं. "मीच होते."

बाहेर डबी वाजली.

आम्ही दोघींनी खिळ्याकडे बघितलं. बटण अडकवलेलं होतं, दोरी हलत नव्हती. मावशीचे दोन्ही हात माझ्या हातात होते.

"वाजतेय की," मावशी म्हणाली. "जा ना. कुणाला तरी काहीतरी हवं असेल."

मी बाहेर निघाले. मधे गोडाऊन लागतं, त्याचं दार लोटलेलं असतं, ते उघडं होतं. आतला दिवा चालू होता. तो मीच सकाळी विसरले असेन. खोक्यांच्या दोन रांगांमध्ये एक माणूस आडवं होईल एवढी जागा आहे, तिथे बबल रॅपचं भेंडोळं ठेवते मी. त्याच्या पलीकडे, भिंतीला चिकटून, काहीतरी होतं. म्हटलं, जुनी रजई असेल. माझं डोकं अजून कारणं शोधत होतं. मग रजईला बारीक पांढरी वेणी दिसली, आणि खांदा.

माझ्याकडे पाठ होती, तोंड भिंतीकडे. उजवा हात अंगाखालून थोडा मागे आलेला. त्या हातात काही नव्हतं. फक्त अंगठा हलत होता. अंगठा खाली गेला की बाहेर डबी वाजायची. थोड्या वेळानं पुन्हा खाली जायचा. मध्ये बराच वेळ जायचा, व्हिडिओत शेवटी जात होता तसा.

मला पळता आलं असतं. बाहेरचं दार दहा पावलांवर होतं. पण आतून मावशीचा तो बसका आवाज आला, "गेलीस का गं?" आणि मी इतक्यातच एकदा तिच्याशी खोटं बोलले होते.

"आले," मी म्हटलं.

अंगठा थांबला.

कूस कशी वळवायची हे मला चांगलं ठाऊक आहे. एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली, आणि माणसाला आपल्याकडे ओढून घ्यायचं. म्हणजे तोंड आपल्याच बाजूला येतं. दिव्याचं बटण दाराशी होतं. मी आधी दिवा बंद केला, वळल्यावर तिला माझं तोंड दिसायला नको म्हणून. मग गुडघ्यांवर बसले, आणि चाचपत चाचपत तिच्या खांद्याखाली हात घातला.